गोळा परत येईपर्यंत

शनिवारी जेवायला बसताना आबांनी पितळी गोळा खिडकीतून उचलून टेबलाच्या मधोमध, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. आज जेवण निवांत होणार नाही, हे तेव्हाच सगळ्यांना कळले.

"आबा, निदान दोन घास तरी पोटात जाऊ द्या," ठकूआत्या म्हणाली.

"घास जाऊ देत की. बोलणं एकेकाचं," आबा म्हणाले. "तुझं मतदान चारला. दादाची गाडी सहा दहाला. आता एक वाजलाय. दोघादोघांनी एकदम ओरडायला वेळ आहे कुणाला?"

या घरात नव्याने येणाऱ्या माणसाला तो गोळा समजावून सांगावा लागे. दादाची बायको सव्वीस वर्षांपूर्वी सून म्हणून आली, तेव्हा आबांनी पहिल्याच सकाळी दोन काड्यापेट्या टेबलावर समोरासमोर सरकवून तिला तो समजावला होता. दोन स्टेशनांच्या मध्ये रूळ एकच. गाड्या मात्र दोन्हीकडून येणार. मग टक्कर कशी टाळायची? तर एका वेळी यंत्रातून एकच गोळा बाहेर काढायचा. तो ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्याचीच गाडी त्या टप्प्यात शिरणार. पलीकडच्या स्टेशनात गोळा जमा झाला, की मग दुसऱ्याची पाळी. इतकी सोपी गोष्ट, पण तिने हजारो माणसे सुखरूप घरी पोचवली.

आबा चौतीस वर्षे स्टेशनमास्तर होते. पुढे विजेचे सिग्नल आले, गोळे निकामी झाले, आणि निवृत्तीच्या दिवशी खात्याने एक गोळा त्यांना भेट दिला. तेव्हापासून घरातल्या भांडणांना तो लागू झाला. नियम तीनच. गोळा हातात असेल त्यानेच बोलायचे. गोळा हातात असताना खोटे बोलायचे नाही. आणि गोळा जागेवर नसेल तर टप्पा बंद, त्या विषयावर कुणी तोंड उघडायचे नाही. छपराच्या दुरुस्तीपासून दादाच्या परगावच्या नोकरीपर्यंत सगळे तंटे याच गोळ्यावर मिटले होते. नोकरीचा तंटा मिटला तो दादा गेला म्हणून. त्याला आता चौदा वर्षे झाली होती.

आजचा तंटा मात्र घरापुरता नव्हता. गावाला सरकारकडून एकदाच मिळणारे मोठे अनुदान आले होते आणि त्यात दोनपैकी एकच काम बसत होते. नवी वेगवान रेल्वे गावाच्या उत्तरेकडून जाणार होती. स्टेशनाचा अर्धा खर्च गावाने उचलला तर इथे तिचे वेगळे स्टेशन होणार, नाही तर गाडी सुसाट निघून जाणार. दुसरे काम म्हणजे गावातल्या प्रत्येक घरापर्यंत, अगदी नदीपलीकडच्या शेवटच्या गल्लीपर्यंत, फायबरची तार नेणे. नगरसभेत सदस्य तेरा. सहा गाडीच्या बाजूने, सहा तारेच्या. तेरावी ठकूआत्या.

ठकूआत्याचे औषधाचे दुकान होते. गेले पंधरा दिवस खोकल्याचे औषध न्यायला आलेला माणूससुद्धा बाटली खिशात टाकता टाकता "मग, काय ठरलं?" म्हणून विचारत होता. काल एकाने तर डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि तिथेच उभे राहून तिचेच डोके अर्धा तास दुखवले. परके परवडले, पण घरात तिचा सख्खा भाऊ, दादा, रेल्वेच्या पुलांचा इंजिनिअर, आणि त्याची सख्खी मुलगी फायबरच्या तारा जोडणारी. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या चिंचोळ्या काठावर आत्या.

"मी आधी," म्हणत सुतळीने गोळा उचलला. तिचे हे नाव आबांनीच ठेवलेले. लहानपणी ती सुतळीसारखी किडकिडीत होती आणि तितकीच चिवट. गेली पाच वर्षे ती आबा-आत्यांकडे राहून इथल्या कंत्राटदाराकडे काम करत होती. "आत्या, तू सांग. परवा नदीपलीकडच्या आजी औषधाला किती वेळा आल्या?"

"दोनदा," आत्या म्हणाली. "डॉक्टरांची चिठ्ठी येईचना. आमच्या दुकानातलं नेट पडलेलं."

"दोनदा! पूल ओलांडून, काठी टेकत. बाबांची गाडी त्या आजींना कुठे नेणार आहे? माझी तार त्यांच्या दारात जाईल. डॉक्टर त्यांना घरात बघतील, चिठ्ठी तिथून निघाली की इथे उमटेल. गाडीत बसतं कोण? ज्याला जायचंय तो. आणि तार कुणाला लागते? ज्याला राहायचंय त्याला."

"वा! हे वाक्य पाठ करून आलीस," दादा म्हणाला.

"गोळा!" आबांनी चमच्याने टेबलावर टकटक केली.

सुतळीने गोळा बापाकडे घरंगळत सोडला. दादाने तो झेलला. हातात घेताच त्याला नेहमीसारखा त्याचा थंडपणा जाणवला, आणि आज जरा जास्तच.

"ज्याला राहायचंय त्याला, म्हणते," तो म्हणाला. "पण राहतंय कोण इथे? तुझ्या वर्गातली किती मुलं गावात उरली? मी स्वतः गेलो. मला इथून तिथे जायला सहा तास लागतात, नव्या गाडीने दीड लागेल. सकाळी जाऊन रात्री घरी जेवायला येता येईल. तुझ्या तारेतून मी आबांना पडद्यावर बघीन, पण त्यांच्या गुडघ्याला तेल कसं चोळू?"

"तेल मी चोळते," सुतळी म्हणाली.

"गोळा," आबा म्हणाले. पण या वेळी टकटक केली नाही.

दादाने आणखी एक गोष्ट सांगितली. ती ठकूआत्याला आधीपासून माहीत होती, पण त्याच्या तोंडून अजून ऐकलेली नव्हती. "स्टेशन मंजूर झालं तर बांधकामाचा प्रमुख म्हणून मला इथे पाठवणार आहेत. तीन वर्षं. कदाचित जास्तच. ठकू, मी घरी येईन."

आत्याने पाण्याचा पेला उगाच उचलला आणि न पिता खाली ठेवला. आबा पंच्याऐंशी वर्षांचे होते. तीन वर्षे म्हणजे त्यांच्या हिशेबाने काय, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

दादाने मात्र एक गोष्ट सांगितली नव्हती. त्याच्या ऑफिसातल्या आराखड्यात लिहिलेले होते, की पहिली सहा वर्षे या मार्गावरून रोज छत्तीस गाड्या धावतील आणि गावातल्या स्टेशनावर त्यांतल्या चारच थांबतील. त्यांतही एक भल्या पहाटे. गावाने वाटलेल्या पत्रकात स्टेशनाचे सुंदर चित्र होते, पण हा आकडा नव्हता. कुणी विचारलाही नव्हता. गोळा हातात असताना खोटे बोलायचे नाही, हा नियम होता. न विचारलेले सांगायचे की नाही, याबद्दल नियम गप्प होता. दादा त्या गप्पपणाच्या आडोशाला बसला होता, आणि तिथे बसायची त्याला सवय नव्हती.

"माझं झालं," म्हणत त्याने गोळा पुन्हा टेबलावर ठेवला.

सुतळीने तो झडप घालून उचलला, तोंड उघडले, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे होत गेले. "कुठे? ...दवाखान्याच्या कोपऱ्यावर? सगळीच गेली? ...कुणी केलं?" मग ती बापाकडे वळली आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरले. "आलेच."

"काय झालं?" आत्याने विचारले.

"रेल्वेवाले मातीचा तळ तपासायला जमिनीत भोकं पाडताहेत ना, त्यांनी बरोब्बर मुख्य तारेतून भोक पाडलंय. दवाखाना बंद, नगरसभा बंद, आत्याचं दुकान बंद. बाबा, तुमच्या लोकांचा नेम भारी हं!"

"शनिवारी भोकं पाडायला कुणी सांगितलं त्यांना?" दादा ओरडला.

सुतळीने हत्यारांची पिशवी खांद्याला मारली, ताटातला उकडलेला बटाटा तोंडात कोंबला आणि गाडीची किल्ली घेऊन पसार झाली. तिची छोटी व्हॅन गल्लीच्या टोकाला वळली, तेव्हा कुठे आबांची नजर टेबलाकडे गेली. मिठाची बरणी होती. गोळा नव्हता.

"नेला," आबा म्हणाले. "कार्टीने गोळा नेला."

रेल्वेत ही फार जुनी चूक. घाईत ड्रायव्हर गोळा जमा करायचा विसरतो आणि तसाच पुढे निघून जातो. मग मागचा सगळा मार्ग कुलूपबंद. तो परत येईपर्यंत एक मालडबासुद्धा हलत नाही. आबांच्या नोकरीत असे दोनदा झाले होते, आणि दोन्ही वेळा त्यांनी सायकलवरून माणूस पिटाळून गोळा परत आणवला होता.

"ठकू, आता नीट विचार केला तर..." दादाने सुरुवात केली.

"टप्पा बंद," आबा म्हणाले.

"आबा, अडीच तासांत मतदान आहे!"

"म्हणून काय दोन गाड्या आपटू द्यायच्या? टप्पा बंद. सूनबाई, ताक आहे का अजून?"

मग या टेबलावर कधी नव्हे ती शांतता आली. गाडीबद्दल बोलायचे नाही, तारेबद्दल बोलायचे नाही, आणि डोक्यात तर दुसरे काही नाही. दादाने चमचा पुसला. पुन्हा पुसला. शेवटी म्हणाला, "वरच्या खोलीचं दार अजून अडतं का गं?"

"पावसाळ्यात अडतं," आत्या म्हणाली. "तू असतास तर केव्हाच तासून दिलं असतंस."

"पुढच्या वेळी रंधा घेऊन येतो."

"चौदा वर्षं आणतोयस रंधा."

दादा हसला, आणि हसता हसता त्याने मान खाली घातली. आत्याने त्याच्याकडे नीट पाहिले. कानामागचे केस पांढरे झाले होते. सकाळपासून हा दीड तास आणि सहा तास सांगत होता. आता बोलायची बंदी झाली, तेव्हा कळले की त्याला वेगाशी काही घेणेदेणे नाही. त्याला ते दार तासायचे आहे.

हे सगळे त्याची बायको पाहत होती. ती भांडी आवरण्याच्या निमित्ताने वर जाऊन आली होती, आणि वर तिला जे दिसले ते तिने कुणालाच सांगितले नव्हते. वरच्या खोलीत दोन गाद्यांवर धुतलेल्या चादरी घातल्या होत्या. उशाशी घडी केलेले दोन टॉवेल. खिडकी उघडी. गुडघे दुखत असताना चौदा पायऱ्या चढून हे कुणी केले असेल, हे विचारायची गरज नव्हती. सहा दहाला परत जाणाऱ्या पाहुण्यांसाठी कुणी गाद्या घालत नाही.

आणि तेही आबांनी! या घरातून गाडी चुकलेला माणूस आजवर कुणी पाहिलेला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आबांनी तिला इतके आधी स्टेशनावर नेऊन बसवले होते, की आधीची गाडी सुटायची होती. सहा दहाची गाडी म्हणजे सव्वापाचला चपला पायात, हा इथला कायदा.

ती स्वतः चित्रफितींखाली अक्षरे लिहायचे काम करायची. पडद्यावर डॉक्टर बोलत असला की खाली त्याचे बोलणे उमटते, ते तिच्या हातचे. जड जड फायली यायच्या आणि जायच्या. इथे आली की त्या फायली मुंगीच्या पावलाने उतरत, म्हणून ती इथे दोन दिवसांपेक्षा जास्त कधी राहू शकली नव्हती. सकाळपासून नवरा आणि लेक हमरीतुमरीवर आले होते, पण हिला काय हवे, हे दोघांनी विचारलेही नव्हते. सव्वीस वर्षांत तो गोळा तिने फक्त पुसायला हातात घेतला होता.

"अहो," ती म्हणाली, "इथे तोंडात मूग धरून बसण्यापेक्षा जाऊन गोळा घेऊन येऊ या. वन्सं, तुम्हीही चला. पाय मोकळे होतील."

"मी इथेच थांबतो," आबा म्हणाले. "स्टेशन सोडून मास्तरने जायचं नसतं."

दवाखान्याच्या कोपऱ्यावर खणलेल्या मातीचा ढीग होता आणि भोवती लाल-पांढरी पट्टी बांधलेली होती. भोके पाडणारे दोन मजूर जरा दूर, अपराध्यासारखे बसून सफरचंद खात होते. दादाला ओळखताच ते उठून उभे राहिले.

"बसा, बसा," दादा म्हणाला. "नकाशात तार दाखवलीच नव्हती ना? माझ्याच खात्याचा नकाशा आहे तो."

सुतळीने व्हॅनचे मागचे दार उघडून तिथेच कारखाना मांडला होता. फळीवर काळे कापड, त्यावर डब्याएवढे एक यंत्र, आणि शेजारी झाकणाची बाटली. तारेच्या पोटातून केसासारखे धागे बाहेर आले होते. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी. रंग फक्त वरचा, आत काच.

"कापड काळं का?" तिच्या आईने विचारले.

"काचेचा तुकडा सांडला तर दिसावा म्हणून. बोटात गेला तर सापडत नाही. म्हणून तुकडे या बाटलीत. बाबा, मागे व्हा, तुमची सावली पडतेय."

दादा मागे झाला. आपल्या मुलीचे काम त्याने आजवर पाहिलेले नव्हते. तिने धाग्याचा रंगीत पापुद्रा सोलला, काच ओल्या कापडाने पुसली, तिचे टोक एका हत्याराने सरळ छाटले. दुसऱ्या बाजूचे टोकही तसेच. दोन्ही यंत्रात समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर ती दोन टोके लाकडाच्या ओंडक्यांएवढी जाड दिसली. मध्ये बारीकशी फट. मग एक ठिणगी, आणि फट नाहीशी झाली. दोनाचा एकच ओंडका.

"अगं, हे तर रुळांचं वेल्डिंग!" दादा पुढे वाकला. "आम्हीही असंच करतो. टोकं छाटायची, समोरासमोर धरायची, वितळवायची. सांधा राहिला की चाक आदळतं."

"इथे उजेड आदळतो," सुतळी म्हणाली. "या काचेतून उजेडच धावतो ना. सांध्यात थोडा सांडतो. किती सांडला ते इथे आकड्यात येतं."

पुढचा सांधा झाला आणि तिने आकडा पाहून नाक मुरडले. कात्री घेऊन धागा तोडला आणि पुन्हा सोलायला बसली.

"का? जुळला होता की."

"जुळला होता. आज चाललाही असता. कंत्राटदाराला कळलं नसतं, दवाखान्यालाही नाही. पण मला माहीत आहे ना, की तिथे उजेड सांडतोय."

दादाने तोडलेल्या धाग्याकडे पाहिले. मग त्याने हात पुढे केला. "गोळा तुझ्याकडे आहे."

"अय्या!" सुतळीने पिशवीत हात घातला. पक्कडीखालून गोळा निघाला. "आबांनी टप्पा बंद केला असेल!"

"तर! चमचे घासून घासून झिजले आमचे," आत्या म्हणाली.

दादाने गोळा घेतला. दोन्ही हातांत धरला. "ठकू, एक आकडा सांगायचा राहिला. रोज छत्तीस गाड्या जाणार. इथे थांबणार चार. पहिली सहा वर्षं तरी चारच. तू विचारलं नाहीस, आणि विचारू नयेस असं मला वाटत होतं."

आत्या म्हणाली, "चार? पत्रकात तर बाकावर बसलेली माणसंच माणसं आहेत."

"बत्तीस गाड्या बघत बसली असतील ती."

सुतळी खो खो हसली. मग एकाएकी गंभीर झाली आणि तिने बापाच्या हातातून गोळा काढून घेतला. "मग माझंही ऐक, आत्या. आमच्या पत्रकात लिहिलंय की दोन वर्षांत सगळ्या घरांत तार जाईल. दोन नाही, चार लागतील. अख्ख्या भागात हे काम येणारे आम्ही सहा जण आहोत. आणि नदीपलीकडची गल्ली सगळ्यात शेवटी आहे."

आत्याने कपाळावर हात मारला. "देवा रे! आजपर्यंत दोघं थापा मारत होतात तेच बरं होतं. आता दोघंही खरं बोलायला लागलात, मी करू काय?"

"इतक्या वर्षांत तुम्ही काय करता ते, वन्सं," वहिनी म्हणाली. "चिठ्ठी नीट वाचायची आणि रोग्याला लागेल तेच औषध द्यायचं. दिसायला सुंदर बाटली नाही."

पावणेचार झाले होते. आत्याने सुतळीच्या हातून गोळा घेतला. एक प्रश्न तिच्या मनात होता, तो तिने दादाला विचारला. "चार गाड्यांसाठी स्टेशन झालं, तर तू घरी येशील. नाही झालं तर?"

दादा म्हणाला, "तर मी चौदा वर्षं येतोय तसाच येईन. माझ्यासाठी गावाची चिठ्ठी बदलू नकोस, ठकू."

आत्याने भावाच्या बाहीवरची माती झटकली आणि लगबगीने नगरसभेकडे चालू लागली.

सुतळीचे काम उरकायला आणि तिघांना घरी पोचायला पाच वाजले. आबा दारातच उभे होते. त्यांनी हात पुढे केला.

"गोळा?"

दादाने सुतळीकडे पाहिले. सुतळीने आईकडे. आई हसायला लागली.

"आत्याने नेला," सुतळी म्हणाली. "पर्समध्ये. सभेत."

"अरे, हे घर आहे की सर्कस!" आबा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. "बसा मग. टप्पा बंद."

बसले. चहा झाला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले. दादाने आबांकडे पाहिले. या वेळी आबा नेहमी उठायचे, छत्री शोधायचे, पिशव्या मोजायचे. आबांनी बशीतला चहा फुंकला.

साडेपाच झाले. स्टेशन वीस मिनिटांवर होते.

"आबा, आमची गाडी..." दादा म्हणाला.

"कुठली गाडी? गोळा आलाय का?"

"आबा, तो नियम भांडणाला. खऱ्या गाडीला नाही."

"चौतीस वर्षं मी हे काम केलंय. गोळ्याशिवाय गाडी सोडायची नाही." आबांनी घड्याळाकडे पाठ फिरवून खुर्ची वळवून घेतली. "नियम तो नियम."

दादा उठायला गेला. बायकोने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि नजरेने जिन्याकडे खूण केली. "वर जाऊन या एकदा," ती हळूच म्हणाली. तो वर गेला. दार अडले, त्याने खांद्याने ढकलले, आणि धुतलेल्या चादरींवरून हात फिरवला. खाली आला तेव्हा तो आपल्या जागी बसला आणि त्याने चपला काढून ठेवल्या.

सहा दहाला लांबून शिट्टी आली. गाडी सुटल्याची, पुलावरून गेल्याची धडधड ऐकू आली, मग तीही विरली. आबांचा चेहरा भिंतीकडे होता, पण त्यांचे कान लाल झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा या स्टेशनमास्तराने स्वतःहून कुणाची गाडी चुकवली होती.

साडेसहाला फाटक वाजले. आत्या आत आली, धापा टाकत, पर्स छातीशी धरून. तिने गोळा काढून आबांच्या तळहातावर ठेवला. "चुकून नेला. सभेत बोलायला उभी राहिले, चष्मा काढायला हात घातला तर हा हातात आला. मग काय, खोटं बोलायची सोय राहिली नाही. छत्तिसांतल्या चारही सांगितल्या, आणि दोनाची चार वर्षंही. सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली."

आबांनी गोळा वरखाली करून पाहिला. "मार्ग मोकळा. बोल. काय झालं?"

"तार. सात विरुद्ध सहा. पण स्टेशनाची जागा विकायची नाही, राखून ठेवायची, हेही लिहून घेतलं. आणि पहिलं काम नदीपलीकडच्या गल्लीपासून." तिने भावाकडे पाहिले आणि तिचा आवाज उतरला. "दादा, तुझी बदली..."

"गेली," दादा म्हणाला. "चिठ्ठी बरोबर वाचलीस. आणि चेहरा कशाला पाडतेस? मी पायातल्या चपला काढून बसलोय, दिसत नाही का?"

"जागा राखलीस ते बरं केलंस," आबा म्हणाले. "मी जन्मभर हिरवं निशाण दाखवलं, त्यातल्या निम्म्या गाड्या माझ्या स्टेशनात थांबल्याच नाहीत. धूळ उडवून जायच्या. पण एक आहे, शेवटी शेवटी मेल थांबायला लागली होती."

मग तिघे एकदम बोलू लागले. सुतळीला सहा माणसांची साठ कशी करायची हे सांगायचे होते, दादाला नकाशात तार कशी दाखवायची हे, आत्याला सभापतींचा चेहरा. आबांनी चमचा टेबलावर आपटला. सगळे थांबले. आबांनी गोळा हातात तोलला, आणि तो सुनेपुढे धरला.

"सूनबाई. सव्वीस वर्षं झाली. तुझी पाळी."

तिने गोळा घेतला. "जड आहे की," ती म्हणाली. "पुसताना कधी कळलं नाही." मग सगळ्यांकडे पाहून म्हणाली, "मला कुणी विचारलं नाही, म्हणून सांगते. त्या भोकांची आणि नकाशाची चौकशी उद्या कुणीतरी करायलाच हवी, ती हे इथूनच करतील. दार तासायला रंधा शेजाऱ्यांकडे आहे, मी बघून ठेवलाय. आणि तार या घरात आली, त्या दिवसापासून माझं काम मी वरच्या खोलीत करणार. महिन्यातले पंधरा दिवस इथे. मग यांना दर शनिवारी यावंच लागेल, गाडी सहा तासांची असो नाही तर साठ. बायको इथे असल्यावर माणूस येतोच."

"आणि नाही आला तर?" सुतळीने विचारले.

"गोळा," आई म्हणाली, आणि सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने दादा.

"मग आता जायचं कधी?" आत्याने विचारले.

"सोमवारी," दादा म्हणाला. "सकाळी सातची गाडी आहे. साडेसहाला निघालो तरी पुरे."

आबा खुर्चीतून ताडकन उठले.

"साडेसहाला?" ते म्हणाले. "वेड लागलंय का? साडेपाचला!"